बाहेरून दहावी आणि भूमितीतलं ‘सिद्ध करा’

मार्च २०२५ ची दहावीची परीक्षा मी बाहेरून दिली, सतरा नंबरचा फॉर्म भरून. शाळा नववीनंतर सुटली होती. मी कराडला घरीच शिवणकाम करते. मराठी, इतिहास, भूगोल यांची फारशी धास्ती नव्हती, वाचलं की जमेल असं वाटायचं. पाय लटपटायचे ते गणित भाग २ म्हणजे भूमितीपाशी, आणि त्यातही ‘सिद्ध करा’ हे दोन शब्द दिसले की. फॉर्मबद्दल विचारणारे बरेच भेटतात, म्हणून तेही सांगते. पण लिहायला बसले आहे ते मुख्यतः एकरूप त्रिकोणांसाठी.

२०२४ च्या पावसाळ्यात खासगी विद्यार्थ्यांची नोंदणी सुरू झाल्याची बातमी पेपरात वाचली. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइनच भरायचा असतो. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो आणि स्वतःचा चालू मोबाइल नंबर हाताशी ठेवा. दुसऱ्याचा नंबर देऊ नका, पुढचे सगळे निरोप त्यावरच येतात. अर्जातच संपर्क केंद्र निवडावं लागतं, म्हणजे जिच्यामार्फत तुमची परीक्षा होणार ती शाळा. मग अर्जाची प्रिंट, शुल्काची पावती आणि कागदपत्रं त्या शाळेत नेऊन द्यायची. नोंदणीला हजार-अकराशेच्या घरात खर्च आला. परीक्षा शुल्क नंतर वेगळं भरलं, आणि नेट कॅफे, झेरॉक्स यांचे किरकोळ पैसे जातच राहतात.

वेळ खाल्ला तो दाखल्याने. माझा मूळ दाखला माहेरी कुठे सापडेना. दुय्यम प्रतीसाठी जुन्या शाळेत अर्ज केला, तर आधी मुख्याध्यापक प्रशिक्षणाला, मग क्लार्क रजेवर, मग गौरी-गणपती. दाखल्यावर नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं, त्यामुळे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्रही जोडायला सांगितलं. ज्यांना पुढच्या वर्षी बसायचं आहे त्यांनी दाखला आत्ताच शोधून ठेवावा. फॉर्म सुटल्यावर शोधायला गेलात तर शेवटची तारीख मानगुटीवर बसते, आणि त्यानंतर विलंब शुल्क.

पुस्तकांना खर्च आला नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. दहावीची भूमिती उघडली, तर पहिलंच प्रकरण समरूपता. ते कसंबसं वाचलं. तिसऱ्या प्रकरणात, वर्तुळात, गाडी पार अडकली. सिद्धता चालू असते, मध्येच ‘कर्णभुजा कसोटी’ असं दोन शब्दांत येतं आणि पुस्तक पुढे निघून जातं. त्यांचं बरोबरच आहे, ते सगळं नववीपर्यंत शिकवून झालेलं असतं. माझं मात्र नववीतलं काहीच डोक्यात उरलं नव्हतं.

माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एक मॅडम हायस्कूलला गणित शिकवतात. त्यांना भीतभीत विचारलं. फीचं काढलं तर म्हणाल्या, “ताई, शिलाईतून वळती करून घ्या.” पहिल्याच दिवशी त्यांनी दहावीचं पुस्तक मिटायला लावलं. आधी आठवीतलं ‘त्रिकोणांची एकरूपता’, मग नववीतलं ‘त्रिकोण’, आणि दहावीचं वर्तुळ त्यानंतर, असा क्रम लावून दिला. तुमचीही शाळा मध्ये सुटली असेल तर हाच क्रम धरा. आठवीचं प्रकरण हातात घ्यायला लाज वाटते खरी. ती दोन दिवसांत जाते.

एकरूप म्हणजे एक आकृती दुसरीवर ठेवली की तंतोतंत बसते, एवढं पुस्तकात आहे. माझ्या मनात शंका होती ती उलटून ठेवण्याची. एक त्रिकोण डावीकडे तोंड केलेला, दुसरा उजवीकडे; सरकवून, फिरवून काही केल्या बसत नाही, पण पालथा घातला की बसतो. हे चालतं का? चालतं. मला ते बाह्यांमुळे लगेच पटलं. बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोल कापतात, म्हणून डावी आणि उजवी बाही आरशातल्यासारख्या उलट असतात. दुपदरी कापडावर एकदाच कात्री चालवली की दोन्ही बरोबर निघतात. मापं सगळी सारखी, फक्त एक पालथी. भूमितीच्या हिशेबात त्या एकरूपच.

यानंतरचा धडा होता अक्षरांच्या क्रमाचा, आणि माझ्या मते निम्मी भूमिती इथेच आहे. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे आपली वापरते. △अबक ≅ △मनप (≅ म्हणजे एकरूप) असं लिहिलं, की त्यात अ ची जोडी म शी, ब ची न शी आणि क ची प शी लागलीच. आकृतीकडे न बघताही सांगता येतं, की बाजू बक ही बाजू नप एवढी आहे आणि कोन क हा कोन प एवढा. तेच △अबक ≅ △पनम लिहिलं तर अर्थ साफ बदलतो. म्हणून मॅडमनी सवय लावली: काहीही लिहिण्याआधी समासात एकाखाली एक जोड्या मांडायच्या. अ ↔ म, ब ↔ न, क ↔ प. दहा सेकंदांचं काम आहे, पण ते केल्याशिवाय त्या पुढची ओळ लिहू देत नसत.

त्रिकोणाला तीन बाजू आणि तीन कोन, एकूण सहा मापं. दोन त्रिकोण एकरूप आहेत हे दाखवायला सहाही जुळवत बसावं लागत नाही, तीन पुरतात. पण कुठलीही तीन नाहीत. बाकोबा, बाबाबा, कोबाको, कोकोबा आणि काटकोन त्रिकोणांसाठी कर्णभुजा, एवढ्याच कसोट्या; नावांत ‘बा’ म्हणजे बाजू आणि ‘को’ म्हणजे कोन. ही नावं शाळेतल्या पोरांना पाढ्यासारखी पाठ असतात. मला ती पाठ व्हायला वेळ लागला नाही. हीच का आणि बाकीची का नाहीत, यावर मात्र मी अडून बसले. कोकोको चालत नाही हे सरळ दिसतं. साठ-साठ-साठ अंशांचा त्रिकोण नखाएवढाही निघतो आणि दाराएवढाही. पण बाबाको? दोन बाजू आणि एक कोन तर बाकोबातही आहेत. कोन दोन बाजूंच्या मधला असला तर चालतो आणि मधला नसला तर नाही, असं का?

मॅडमनी तोंडाने काही सांगितलं नाही. कंपासपेटी पुढे सरकवली आणि मापं दिली. तुम्हीही कागद घेऊन हे काढून बघा, नुसतं वाचून कळायचं नाही. एक आडवा किरण काढा, त्याच्या टोकाला ब म्हणा. ब पाशी ३० अंशांचा कोन करून तिरपी रेघ काढा आणि तिच्यावर ८ सेंमी अंतरावर अ घ्या. आता कंपासात ५ सेंमी घेऊन अ वर टोक रोवा आणि आडव्या किरणावर कंस मारा. कंस किरणाला दोन ठिकाणी छेदतो, ब पासून साधारण ३.९ सेंमीवर आणि ९.९ सेंमीवर. दोन्ही छेदबिंदू अ ला जोडले की दोन त्रिकोण झाले. दोघांत ३० अंशांचा कोन आहे, ८ ची बाजू आहे, ५ ची बाजू आहे. आणि एक दुसऱ्याच्या पोटात मावतोय! यापुढे ‘बाबाको का नाही’ हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

मग त्यांनी ३० च्या जागी ९० अंश घ्यायला लावले. ब पाशी काटकोन, बअ ४ सेंमी, अ वरून ५ सेंमीचा कंस. आता कंस किरणाला एकाच ठिकाणी छेदतो, ब पासून ३ सेंमीवर. किरण मागे वाढवला तर पलीकडेही ३ सेंमीवर छेदतो, पण तो त्रिकोण पहिल्याचाच पालथा अवतार. म्हणजे काटकोन असला की तीच बाबाकोची मापं दगा देत नाहीत. काटकोनासमोरची ५ ची बाजू म्हणजे कर्ण, ४ ची ती भुजा; कर्णभुजा कसोटी म्हणजे हीच. वर्तुळाच्या प्रकरणात जे दोन शब्द मला डोंगराएवढे वाटत होते, ते एका कंसात संपले. त्या संध्याकाळी खूप हलकं वाटलं.

कसोट्या कळल्या म्हणजे सिद्धता लिहिता येते असं नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. लिहिण्याची एक रीत आहे. आधी आकृती, मग पक्ष, म्हणजे काय दिलंय, मग साध्य, म्हणजे काय दाखवायचंय, मग सिद्धता. सिद्धतेत डावीकडे विधान, उजवीकडे कारण. पहिल्यांदा नीट उतरलेलं उदाहरण असं होतं: रेख (म्हणजे रेषाखंड) अद आणि रेख बक परस्परांना म मध्ये छेदतात आणि म हा दोन्हींचा मध्यबिंदू आहे. अब आणि दक समान आहेत असं दाखवा. समासात जोड्या: अ ↔ द, म ↔ म, ब ↔ क. मग:

अम = दम … पक्ष
∠अमब = ∠दमक … विरुद्ध कोन
बम = कम … पक्ष
△अमब ≅ △दमक … बाकोबा कसोटी
अब = दक … एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू

आकृती काढली की अब आणि दक समांतर असल्याचं डोळ्यांना लख्ख दिसतं. त्या समांतरपणावरून व्युत्क्रम कोन, म्हणजे समांतर रेघांना छेदणाऱ्या तिरप्या रेघेच्या दोन अंगांना होणारे समान कोन, घ्यायचा मोह होतो. ते खरंही आहे, पण कुणी दिलेलं नाही आणि आपण अजून दाखवलेलं नाही, म्हणून वापरायचं नाही. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मॅडम एकच विचारायच्या, “दिलंय की दिसतंय?” दिलंय तर पक्ष. दिसतंय तर खोडा. तिसरी शक्यता म्हणजे वरच्या एखाद्या ओळीत आपणच ते कमावलेलं असतं. उजवीकडचा रकाना या प्रश्नाने भरत गेला की डावीकडचा आपोआप जागेवर येतो. कुठलीही अडकलेली सिद्धता मी पुढे असंच सोडवू लागले. आधी सामाईक बाजू शोधायची, मग विरुद्ध कोन, मग त्रिज्या. प्रश्नात न लिहिता फुकट मिळणाऱ्या गोष्टी बहुतेक याच असतात.

समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाला जरा थांबावं लागलं. दोन बाजू समान असतील तर त्यांच्या समोरचे कोन समान. आकृतीत त्रिकोण एकच, मग एकरूप दाखवायचं कुणाला? पुस्तक अ मधून कोनदुभाजक काढतं, त्रिकोणाचे दोन तुकडे होतात आणि बाकोबाने काम होतं. त्याऐवजी पायाच्या मध्यबिंदूला जोडलं तर बाबाबाने होतं. पण रेघ काढताना तिच्याकडून एकच गुणधर्म मागायचा. ‘अ मधून कोन दुभागणारी आणि पायावर लंब असणारी रेघ काढा’ असं म्हटलं की संपलं, कारण ती एकच रेघ दोन्ही करते हे अजून कुणी दाखवलंय?

यावर मॅडमनी एक जुनी युक्ती सांगितली, ती इतकी आवडली की वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली आहे. रेघच काढू नका. त्रिकोणाची तुलना त्याच्याशीच करा, पालथा घालून. जोड्या: अ ↔ अ, ब ↔ क, क ↔ ब. अब = अक दिलंय, कोन अ सामाईक, अक = अब पुन्हा तेच. बाकोबाने △अबक ≅ △अकब, म्हणून कोन ब = कोन क. झालं! ही सिद्धता अलेक्झांड्रियाचा जुना ग्रीक गणितज्ञ पॅपस याच्या नावावर आहे. त्याच्याही आधीच्या युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने हेच प्रमेय बाजू वाढवून, जास्तीचे त्रिकोण काढून सिद्ध केलं. ते इतकं किचकट होतं की युरोपात त्याला गाढवांचा पूल म्हणायचे. इथे जो अडला तो पुढे जात नाही. अक्षरांच्या क्रमावर मॅडम एवढा जोर का देत होत्या तेही इथेच उमगलं. क्रम सोडला तर त्या सिद्धतेत उरतंच काय?

दिवाळीच्या आधीपासून पुस्तक बंद पडलं. आधी दिवाळीचे कपडे, मग तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई. त्या दिवसांत शिवणकाम करणाऱ्या बाईने अभ्यासाचं नाव काढू नये. डिसेंबरात वही उघडली तर निम्मं विसरलेलं. सगळं पहिल्यापासून वाचण्यापेक्षा मी ती ३० अंशांची आणि काटकोनाची आकृती पुन्हा काढली, आणि कसोट्या आपापल्या जागी परत आल्या. ज्यांच्या अभ्यासात असा खंड पडणार आहे त्यांनी हाताने काढलेल्या आकृत्यांची एक वेगळी कोरी वही ठेवावी. माझ्या मते तिचा उपयोग गाइडपेक्षा जास्त होतो.

मग वर्तुळ. बाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड समान असतात, ते प्रमेय. केंद्र म, बाहेरचा बिंदू द, स्पर्शबिंदू प आणि न. मद सामाईक, तोच कर्ण. मप आणि मन त्रिज्या. प आणि न पाशी काटकोन, कारण स्पर्शिका त्रिज्येला लंब असते. कर्णभुजा, म्हणून दप = दन. पावसाळ्यात ज्या पानावर मी पुस्तक मिटलं होतं ते पान आता चहा निवायच्या आत लिहून झालं.

एक प्रश्न तरीही डोक्यात वळवळत होता. प्रत्येक ओळीला कारण लागतं, मग बाकोबालाच कारण काय? पुस्तक कसोट्या सांगतं, करून बघायला लावतं आणि पुढे जातं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ ग्रंथाच्या पहिल्या भागातल्या चौथ्या प्रमेयात एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवला. पुढच्या लोकांनी हरकत घेतली, की असं उचलून ठेवता येतं हे तुमच्या गृहीतकांत आहे कुठे? शेवटी १८९९ मध्ये हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने भूमितीचा पाया नव्याने रचला, तेव्हा बाकोबाचा गाभाच गृहीतक म्हणून घेतला आणि बाकीच्या कसोट्या त्यावरून काढल्या. म्हणजे तळाशी कुठेतरी ‘हे आपण मानून चालू’ असं असतंच. परीक्षेपुरतं एवढंच, की कारणाच्या रकान्यात कसोटीचं नाव लिहिलं की त्याच्या खाली खणायचं नाही.

प्रवेशपत्र जानेवारीच्या अखेरीस संपर्क केंद्रातून मिळालं. नाव, विषय, माध्यम, फोटो तिथेच काउंटरवर उभं राहून तपासा आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का आहे ना ते बघा. अंतर्गत गुणांचं कामही त्याच शाळेतून होतं, तेव्हा वह्या कधी द्यायच्या ते आपणहून विचारत राहा. बाहेरच्या विद्यार्थ्याला निरोप पोहोचेलच असं नाही. गणिताचे दोन्ही भाग लेखी ४०-४० गुणांचे आणि अंतर्गत २०. पास व्हायला १०० पैकी ३५ एकत्र लागतात, भागवार नाहीत, हे मला बरंच उशिरा कळलं आणि निम्मी धडधड तिथेच कमी झाली.

भूमितीचा पेपर ७ मार्चला, शुक्रवारी होता. अकरा ते एक, वर शेवटची १० मिनिटं जादा. वर्गात सोळा वर्षांची मुलं आणि त्यांच्यात साडी नेसलेली मी. एका मुलीने मला पर्यवेक्षक समजून पुरवणीचं विचारलं. पेपरात काही कृती असतात, अर्धवट सिद्धता देऊन रिकाम्या चौकटी भरायला सांगतात. त्यांना आधी हात घाला. वरच्या-खालच्या ओळी वाचल्या की मधल्या चौकटीत विधान हवंय की कारण ते कळतं. संपूर्ण सिद्धता लिहायची असेल तर आकृती, पक्ष आणि साध्य आधी लिहून टाका, पुढे अडलात तरी त्याचे गुण पदरात पडण्याची आशा राहते. आकृती पेन्सिलने काढा आणि कंपासचा स्क्रू घरूनच घट्ट करून न्या. माझ्या शेजारच्या मुलाचा कंपास कंस मारताना उघडत होता, बिचारा दर वेळी पुन्हा माप घेत बसला होता.

निकाल १३ मे ला दुपारी एकला ऑनलाइन लागला. सुरुवातीला साइट उघडेचना, बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकून टाकून कंटाळले तेव्हा उघडली. सगळ्या विषयांत पास होते. मूळ गुणपत्रिका नंतर संपर्क केंद्रातून घ्यावी लागते. जाताना प्रवेशपत्र आणि आधार न्या, आणि शाळेत जमा केलेला दाखला परत कधी, कसा मिळणार ते त्याच फेरीत विचारून या. मॅडमची शिलाई अजून वळती होते आहे, कारण आता त्यांनी बारावीच्या सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती काढून आणली आहे.